बोट कधी उचलायचं

प्रिय पोरी,

तुझी सात मिनिटांची व्हॉइस नोट ऐकली, दोनदा ऐकली, एकदा स्टेशनवरून घरी येताना आणि एकदा रात्री जेवण झाल्यावर काकूला बाजूला बसवून. काकू म्हणाली हिला आधी दोन वेळ नीट जेवायला सांगा, ऑर्गनचं मग बघू. ते सांगून टाकलं, म्हणजे माझ्यावरची जबाबदारी संपली.

आता तुझं रडगाणं. तिकडे फिलिपिन्सला डॉक्टरकी शिकायला जाऊन तीन महिने नाही झाले तर पॅरिशवाल्यांनी, म्हणजे चर्चच्या मंडळींनी, तुला ऑर्गनवर बसवलं, आधी वाजवणारा पोरगा पास होऊन नोकरीला लागला म्हणून जागा रिकामी, आणि तू कधीतरी चहा पिताना बोलून गेलीस की मी वसईला गायनवृंदात पेटी वाजवायचे. झालं! त्या देशात असं बोलायचं नसतं गं, तिथे दर तिसरा माणूस गातो पण खाली मान घालून वाजवायला बसणारा कोणालाच मिळत नाही. आणि आता तू म्हणतेस पायाने वाजवायचं पेडल येत नाही, भाषा येत नाही, ॲनाटॉमी डोक्यावरून जातेय, आणि खरं सांगू का काका, आजकाल मिस्सेला, चर्चच्या उपासनेला, बसलं तरी आतून काही वाटतच नाही, मग मी वर बसून वाजवणं म्हणजे ढोंग नाही का. हे चार प्रश्न आहेत, तू एकाच दमात विचारलेस म्हणून तुला एक वाटतोय.

मी काही मोठा ऑर्गनिस्ट नाही हे तुला माहितीये. २००६ ते २०१७ मनिलात होतो, बॅक ऑफिसची नोकरी, निम्मी वर्षं रात्रपाळी. मला ऑर्गनचं जे काय येतं ते तिथल्या एका एकोणीस वर्षांच्या पोराने शिकवलं, मी तेव्हा चाळिशीला टेकलेलो. तो इंजिनिअरिंगला होता आणि आमच्या पॅरिशमध्ये वाजवायचा. मला कुया म्हणायचा, म्हणजे दादा, आणि शिकवताना मात्र माझ्या मनगटावर पेन्सिलीने टकटक करायचा. त्यामुळे हा सल्ला माझा कमी आणि त्याचा जास्त आहे, आणि त्याचं सगळंच बरोबर होतं असंही नाही, ते पुढे सांगतो.

पहिल्या दिवशी त्याने मला एक स्वर दाबायला सांगितला. दाबला. म्हणाला, आता वाट बघ. मी वाट बघतोय, स्वर चालूच. पेटीवर आपली सवय कशी, भाता थांबला की सूर आपोआप मरतो, पियानोवर तर दाबल्यापासूनच सूर विरायला लागतो. ऑर्गनवर तसं नाही, हवा मशीन देतं, तू बोट ठेवलंस की तो स्वर तिथेच उभा, संध्याकाळपर्यंत ठेव, उभाच. अर्ध्या मिनिटाने तो म्हणाला, कुया, सुरू करायला कोणालाही येतं, बोट कधी उचलायचं ते मी शिकवणार. तेव्हा मला वाटलं पोरगं जरा शहाणपणा करतंय. नंतर दोन महिने तेवढंच शिकलो.

उदाहरण देतो म्हणजे तुला उद्यापासून वापरता येईल. तिकडच्या गाण्यांत पांगिनोओन हा शब्द येतो, प्रभू, तू ऐकलाच असशील. शेवटी न आहे. क्वायर, म्हणजे गायनवृंद, तो न म्हणते त्या क्षणी तुझी बोटं वर पाहिजेत. अर्धा सेकंद उशीर झाला तर न ऑर्गनखाली गेला, अर्धा सेकंद आधी उचललीस तर क्वायर उघडी पडते आणि उंच आवाजात गाणाऱ्या सोप्रानोवाल्या मावश्या मागे वळून बघतात. (बघू देत. पण बघतात.) कडव्याच्या शेवटी बोटं उचलायची, लोकांना एक श्वास घेऊ द्यायचा, तो श्वास मोजून घ्यायचा, एक मात्रा, रोज तेवढीच, आणि मग पुढचं कडवं. लोक तुझा हात बघत नाहीत, तुझी पाठसुद्धा बघत नाहीत, त्यांना फक्त तो श्वास कळतो. तो नियमित असला की चारशे माणसं न सांगता एकत्र उचलतात. नसला की पहिल्या ओळीचा लगदा होतो आणि मग फादर माइकमध्ये तोंड घालून मोठ्याने गायला लागतात, जे कोणालाच नको असतं.

पेडलचं टेन्शन घेऊ नको. तुमच्या ऑर्गनवर बास कपलर नावाचं बटण असेल, बहुतेक डिजिटल ऑर्गनवर असतं, ते दाबलं की डाव्या हाताचा सगळ्यात खालचा स्वर आपोआप पेडलच्या आवाजात वाजतो. पहिले दोन महिने ते लावून खुशाल वाजव, काही पाप नाही. पण रोज पंधरा मिनिटं ते बंद करून फक्त डावा हात आणि डावा पाय बस, उजवा हात मांडीखाली दाबून. मला तसं बसवायचा तो, मांडीखाली हात दाबून, शाळेत शिक्षा केल्यासारखा. आणि बूट काढ. ऑर्गनचे खास बूट असतात ते महाग, आम्ही दोघं मोज्यांवर वाजवायचो, त्याच्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं आणि तो म्हणायचा त्या भोकानेच मला कळतं मी कुठल्या स्वरावर आहे.

पट्टीबद्दल एक. पुस्तकात जी पट्टी छापलीये ती चार सुरांच्या तयार क्वायरसाठी असते, सकाळी सहाच्या मिस्सेला आलेल्या माणसांसाठी नाही. सकाळी आवाज उठलेला नसतो. वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या वर चाल जात असेल तर अख्खं गाणं खाली घे. डिजिटल ऑर्गनवर पट्टी बदलायचं ट्रान्सपोज असतं, वापर. आपल्याकडे पेटीवाला गाणाऱ्याला विचारतो की नाही, काळी एक की काळी दोन? तसंच हे, फक्त इथे गाणारे चारशे आहेत आणि विचारता येत नाही, ऐकूनच ठरवावं लागतं.

तिथल्या तागालोग भाषेचं म्हणशील तर तुझ्याकडे देवनागरी आहे, फुकटचा फायदा आहे. मी सगळी गाणी देवनागरीत उतरवून घेतली होती. आपल्याला शाळेत ङ शिकवला आणि वाङ्मय हा शब्द सोडला तर आयुष्यात कुठे लागला नाही, तो तिकडे जाऊन लागतो. अनेकवचनाचा तो छोटासा शब्द बघितलायस ना, रोमनमध्ये लिहिताना mga, तीन अक्षरं आणि मधे स्वरच नाही, मी महिनाभर तो मगा मगा म्हणायचो, तो आहे मङा. आत्ता याला ङायोन. ङ ने सुरू होणारे शब्द आपल्याला गंमत वाटतात पण लिहून ठेवलेस तर जीभ वळते. आणि त्यांच्या भाषेत ‘हिंदी’ म्हणजे ‘नाही’, ते एव्हाना कळलं असेलच. मला पहिल्या आठवड्यात ऑफिसात एकाने विचारलं तुम्ही घरी काय बोलता, मी म्हटलं मराठी, हिंदी, तो बिचारा विचारात पडला की हा मराठी बोलतो म्हणतोय आणि लगेच नाही म्हणतोय.

हिंदी पो. हे दोन शब्द पाठ कर, त्याचं काम पुढे आहे.

आता तो ढोंगाचा प्रश्न.

डिसेंबरमध्ये तुझ्यावर सिम्बांग गाबी येणार आहे. नाव रात्रीची मिस्सा असं आहे पण असते पहाटेला, १६ ते २४ डिसेंबर, नऊ दिवस, कुठे चारला, कुठे साडेचारला. शेतकऱ्यांना उजाडायच्या आत शेतावर जायचं म्हणून ती वेळ पडली असं सांगतात. आपल्या काकड आरतीसारखंच समज, अंधारात उठायचं, दात घासल्या न घासल्यासारखं करायचं आणि निघायचं, फक्त तिथे चर्च ओसंडून बाहेर रस्त्यावर माणसं उभी असतात, झोपेतली पोरं खांद्यावर टाकून. नऊच्या नऊ केल्या की मनातली इच्छा पुरी होते म्हणतात, म्हणून कॉलेजची पोरं तर हमखास, सेमिस्टरची परीक्षा असते ना. माझ्या पहिल्या वर्षी मी पचका करून घेतला. आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, ग्लोरिया हे स्तुतिगीत नसतं हे मला वसईपासून पाठ, आणि सिम्बांग गाबीला तिकडे ग्लोरिया म्हणतात हे कोणी सांगितलंच नव्हतं, फादरांनी वेदीवरून सुरुवात केली आणि मी इकडे पानं उलटतोय. तो पोरगा शेजारी बसला होता, त्याने माझ्या मांडीवरून हात घालून एका हाताने वाजवायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हातात गणिताचं पुस्तक, बोट घालून धरलेलं, तसंच.

तिसऱ्या की चौथ्या बाकावर एक आजीबाई बसायची. तिकडे आजीला लोला म्हणतात. आवाज मोठा, आणि एका ठराविक गाण्यात एका ठराविक ओळीवर ती अर्धी मात्रा मागे राहायची, दरवेळी, आणि अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशी. मी वाजवत असलो की मी पुढे निघून जायचो आणि लोला मागून. तो पोरगा मात्र त्या ओळीवर तिच्यासाठी थांबायचा. मी एकदा म्हटलं अरे ताल चुकतोय, म्हणाला, ती हे गाणं माझ्या जन्माच्या आधीपासून असंच म्हणतेय, म्हणजे चुकतोय मी. नंतर ती आपल्या मुलीकडे, मनिलाशेजारच्या काविते प्रांतात, राहायला गेली. आणि मजा बघ, त्या ओळीवर आमचं चर्च पुढेही तसंच रेंगाळत राहिलं, मी २०१७ ला निघालो तेव्हासुद्धा. नवीन आलेल्या लोकांना वाटायचं गाणंच तसं आहे.

त्याच पहिल्या डिसेंबरात मी त्याला तुझा प्रश्न विचारला होता, माझा म्हणून. पाचव्या पहाटे, मिस्सा संपल्यावर, आम्ही बाहेर पुतो बुम्बोङच्या गाडीपाशी उभे होतो. जांभळ्या तांदळाचं पीठ बांबूच्या नळीत भरून वाफेवर शिजवतात, आपल्या मोदकाच्या उकडीची आठवण येते वासाने, वर लोणी, ओलं खोबरं, साखर. मी विचारलं तुला रोज खरंच काही वाटतं का रे वर बसून. तो खात होता. म्हणाला, आज नाही वाटलं. काल वाटलं होतं, कम्युनियनच्या वेळी, ख्रिस्तप्रसाद वाटतात तेव्हा, थोडंसं. आज मला फक्त झोप आली होती. मी म्हटलं मग? तो म्हणाला, मग काय, आज खाली बसलेल्यांना वाटलं असेल, माझा नंबर उद्या.

मला हे उत्तर तेव्हा फार हलकं वाटलं, म्हणजे असं कसं, विश्वासाची काय रेशनची लाइन आहे का. पण पोरी, आता साठी जवळ आल्यावर सांगतो, मला यापेक्षा बरं उत्तर कोणत्या रिट्रीटमध्ये मिळालेलं नाही. तू रविवारी वर बसून काही वाटलं नाही म्हणून घाबरतेस. तू तिथे तुझं वाटणं दाखवायला बसलेलीच नाहीस, लोकांच्या श्वासाचा हिशोब ठेवायला बसलीयेस. ढोंग म्हणजे काय, न वाटणारं वाटल्यासारखं करणं. मग करू नको. डोळे मिटून डोलू नको, थरथरत्या आवाजाचा ट्रेमोलो लावून लांबवू नको, साधं वाजव.

फादरांशी बोल मात्र. वाजवण्याबद्दल नाही, याबद्दल. आणि झोप पूर्ण कर, कारण तुझं निम्मं न वाटणं मला झोपेचंच वाटतंय.

आता त्या पोराचं जे चुकलं ते. त्याला कोणालाच ‘नाही’ म्हणता यायचं नाही. तिकडे तोंडावर नाही म्हणणं फार अवघड असतं, समोरच्याचा मान राखायचा, मिळून मिसळून राहायचं, ह्याला ते पाकिकिसामा म्हणतात, आपल्याकडच्या भिडेचाच भाऊ. रविवारी त्याच्या पाच मिस्सा असायच्या. पाच! शनिवारी लग्नं. लग्नाचे पैसे मिळायचे आणि त्याची निम्मी फी त्यातून जायची, तेही खरं. शिवाय कोणाची मयत असली की फोन यालाच. गुड फ्रायडेच्या आठवड्यात कोणाच्या तरी घरी पबासा, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं पद्यात पारायण, रात्रभर, दोन गट आळीपाळीने, माइक लावून, तिथेही हाच की-बोर्ड घेऊन. तुला गुरुवारी रात्री गल्लीगल्लीत ऐकू येईल ते, आपल्या अखंड सप्ताहासारखं, आवाज खाली उतरू द्यायचा नाही. त्या पुस्तकाला पास्योन म्हणतात, तागालोगमधलं पहिलं १७०० च्या सुरुवातीचं, गास्पार अकिनो दे बेलेन यांचं. मी त्या पोराला सांगितलं की आमच्याकडे १६१६ ला फादर स्टीफन्सनी ओव्यांमध्ये अख्खं ख्रिस्तपुराण छापलंय, मराठीत, तर त्याला खरं वाटेना, म्हणाला म्हणून दाखव. मी दोन ओव्या म्हटल्या, आठवत होत्या तेवढ्या. त्याने लगेच खाली कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबायचे सूर, धरले, आणि बसले ते! पण हे विषयांतर झालं.

सांगत काय होतो, तर तिसऱ्या वर्षी पोरगं दोन विषयांत नापास झालं. त्याची आई माझ्याकडे आली, मला म्हणाली तुम्ही मोठे आहात तुम्ही त्यांना सांगा. त्यांना म्हणजे पॅरिशच्या लोकांना. मी गेलो आणि मलाही नीट बोलता आलं नाही, मी म्हटलं बघा जरा, त्याची परीक्षा आहे, ते म्हणाले हो हो नक्की, आणि पुढच्या रविवारी परत पाच. माझी चूक आहे ती, मी स्पष्ट बोलायला हवं होतं. ज्याने मला बोट उचलायला शिकवलं त्याला स्वतःचं बोट उचलता येत नव्हतं आणि मी शेजारी बसून बघत राहिलो. वर्ष गेलं त्याचं एक. पुढे झाला पास, आता नोकरी करतो, रविवारी एकच मिस्सा वाजवतो, सकाळची.

म्हणून तुला सांगतो. आठवड्यात एक मिस्सा आणि एक प्रॅक्टिस. परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे शून्य. हे फादरांना आत्ताच, टर्मच्या सुरुवातीला, तारखा लिहून दे, कॅलेंडरवर गोल करून. आयत्या वेळी सांगितलंस की नाही म्हणता येत नाही, आधी कागद दिलेला असला की कागद बोलतो. कोणी प्रेमाने, एकदाच हं, म्हणून आलं की हसून हिंदी पो. पो लावायला विसरू नको, ते आपल्या जी सारखं आहे, त्याने नाही पण गोड होतं. लग्नाबिग्नाचे पैसे घ्यायच्या आधी कॉलेजच्या ऑफिसात विचार, तू स्टुडंट व्हिसावर आहेस, हजार पेसोसाठी नसतं लचांड नको. तुझ्या बाबांनी गाळा विकून तुला डॉक्टर व्हायला पाठवलंय. हे मी रागाने नाही लिहीत, तू स्वतःच व्हॉइस नोटमध्ये दोनदा बोललीस.

ऑर्गनच्या वर्षालाच ह्या थांबण्याची सोय आहे बघ. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात ऑर्गन फक्त गाण्याला आधार म्हणून, मधली सजावट बंद. आणि पवित्र गुरुवारी ग्लोरिया झाला की बऱ्याच ठिकाणी ऑर्गन गप्प, तो थेट ईस्टरच्या रात्रीच्या ग्लोरियाला. माझ्या पहिल्या पवित्र गुरुवारी ग्लोरियाला सगळ्या घंटा, सगळे स्टॉप, म्हणजे आवाज निवडायच्या खुंट्या, बाहेर, कान फुटायची वेळ, आणि शेवटचा कॉर्ड सुटल्यावर त्या पोराने ऑर्गनचं बटण बंद केलं, झाकण लावलं, किल्ली फिरवली आणि खिशात टाकली. मी म्हटलं अरे कम्युनियनला? म्हणाला, गळा आहे की. खाली घंटेऐवजी मत्राका वाजायला लागली, लाकडाची खटखट. त्या खटखटीनंतरच्या शांततेत चारशे माणसांचे पंखे ऐकू येत होते, हातातले, पुठ्ठ्याचे.

आणि एक ब्राउनआउटचं सांगतो, तिकडे लाइट जाण्याला ब्राउनआउट म्हणतात, पूर्ण अंधार झाला तरी. २००९ चा सप्टेंबर, ओन्दोय वादळ येऊन गेल्यानंतरचा आठवडा. २६ तारखेला एका दिवसात इतका पाऊस पडला की मारिकिनाच्या बाजूला लोक छपरांवर चढून बसले होते, आमच्या चर्चमध्ये बाकांवर कुटुंबं झोपलेली, बाकांच्या पायांना चिखलाची रेघ. त्या रविवारी मिस्सा झाली ती तशीच, अर्धे लोक दुसऱ्यांचे कपडे घालून. कम्युनियनच्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात लाइट गेली. ऑर्गन मेला, माइक मेला, पंखे थांबले. अर्धा क्षण सगळे लटकले, आणि मग खालून कोणीतरी, लोलाच असणार दुसरी कोण, ओळ उचलली आणि सगळे मागून आले. नुसते गळे. दगडी चर्चमध्ये ते कसं वाटतं हे मी लिहू शकत नाही. त्या पोराचे हात अजून स्वरांवरच होते. त्याने ते सावकाश उचलले आणि मांडीवर ठेवले. तिसऱ्या कडव्याला लाइट आली, ऑर्गनचा दिवा पेटला, मी त्याला कोपराने ढोसलं, वाजव की. त्याने मान हलवली. चौथं कडवंसुद्धा तसंच गेलं. तो फक्त ऐकत होता, तोंड थोडं उघडं टाकून, जसं लहान पोर टीव्ही बघतं.

त्यावर तो नंतर काहीच बोलला नाही आणि मीही विचारलं नाही.

बरं, तू लास पिन्यासला राहतेस आणि अजून बांबू ऑर्गन बघितला नाहीस हे ऐकून मला खरंच राग आला. जग त्यासाठी विमानाने येतं गं, तुला जीपनीने वीस मिनिटं. सेंट जोसेफचं चर्च. फादर दिएगो सेरा म्हणून ऑगस्टिनियन रिकलेक्ट संघाचे स्पॅनिश धर्मगुरू होते, त्यांनी १८१६ ला काम सुरू केलं आणि १८२४ ला संपवलं. १०३१ नळ्या, त्यातल्या ९०२ बांबूच्या. बांबू आधी समुद्राच्या वाळूत पुरून ठेवला, कीड लागू नये म्हणून. भूकंप, वादळं सगळं खाऊन तो शेवटी बंद पडला, मग १९७३ ला अख्खा सुटा करून जर्मनीला बॉनला क्लाइस कंपनीकडे पाठवला आणि १९७५ ला दुरुस्त होऊन परत आला. दर फेब्रुवारीत महोत्सव असतो. त्याला हाताचा एकच कीबोर्ड आहे आणि एक स्टॉप आहे पाहारितोस नावाचा, तो ओढला की पाखरं चिवचिवतात, नळ्यांची तोंडं पाण्यात ठेवलेली असतात म्हणून. संगीत नाटकाच्या ऑर्गनवर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला पहिल्यांदा ऐकून वाटलं की हा आवाज बासरीच्या घरातला आहे, चर्चमधला नाही. कोरडा, जवळचा, थोडासा श्वास लागल्यासारखा. त्या पोरानेच नेलं होतं मला, आणि तिथे पूर्ण वेळ हात पाठीमागे बांधून उभा होता, हात लावायचा मोह होऊ नये म्हणून.

आणि एकटी पडलीयेस असं जे वाटतंय ना तुला, वसईवरून इतक्या लांब, तर एवढंच लक्षात ठेव की आपला गोन्सालो गार्सिया चारशे वर्षांपूर्वी त्याच मनिलात होता. वसईत जन्मलेला, व्यापार करत जपानकडे गेलेला, जेझुइट व्हायचं होतं त्याला पण त्यांनी घेतलं नाही, मग मनिलात फ्रान्सिस्कन झाला, तोसुद्धा साधा ब्रदर, फादर नाही. पुढे १५९७ ला नागासाकीला क्रुसावर गेला आणि १८६२ ला संत झाला ते तू आपल्या वसईतल्या गास गावच्या सणाला दरवर्षी ऐकतेसच. मी मात्र इन्ट्रामुरोसमध्ये, मनिलाच्या जुन्या तटबंदीच्या आत, सॅन अगुस्तिन चर्चच्या दारात उभं राहून नेहमी एवढाच विचार करायचो की ह्याला इथलं जेवण आवडलं असेल का. भात होता, मासे होते, जमलं असेल.

ह्या आठवड्यात एवढं कर. गुरुवारी कॉलेज सुटल्यावर लास पिन्यासच्या चर्चला जा, वाजवणारं कोणी असलं तर मागच्या बाकावर बसून ऐक, शेवटचा कॉर्ड कधी सोडतात त्याकडे लक्ष दे. मग तुझ्या रविवारच्या पहिल्या गाण्याचं रेकॉर्डिंग पाठव, चारही कडवी, मधले श्वास कापून टाकू नको, मला तेच ऐकायचेत. आणि रेकॉर्ड करताना फोन पंख्यापासून लांब ठेव, मागच्या वेळी दोन मिनिटं मी पंखाच ऐकत होतो, काकू म्हणाली छान वाजवते पोरगी.

तुझा,
काका